रमणरावांचा फ्लॅट

न्यूझीलंडात, वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरातल्या मराठी मंडळींत २०१४ च्या दिवाळीच्या तोंडावर एक कुजबुज होती. रमणराव खांबेट्यांनी म्हणे ऑकलंडला, पापाटोएटोत, गुपचूप एक फ्लॅट घेतलाय आणि तिथे देवयानी नावाची एक बाई राहते.

कुजबुज काही हवेतून आली नव्हती. सुलभाताई पेंढारकरांनी ती स्वतःच्या कानांनी ऐकली होती. आणि सुलभाताईंचे कान ते काय वर्णावेत. वेलिंग्टनच्या वाऱ्यात शेजारी उभ्या माणसाची हाक ऐकू येत नाही, तिथे या बाईंना चार घरं पलीकडच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते सांगता येतं. तर त्या ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, भर दुपारी, उसना आणलेला चकलीचा सोऱ्या परत करायला खांबेट्यांकडे गेल्या. रमणरावांच्या पत्नी प्रमोदिनीवहिनी हॉस्पिटलात नर्स, रविवारी त्यांची ड्यूटी असते, हे सुलभाताईंना पक्कं ठाऊक होतं. मग रविवारीच का गेल्या, हे विचारायचं नाही. बेल वाजवली, कुणी आलं नाही. गराजच्या बाजूला वळल्या तर आतून रमणरावांचा आवाज. तोही कसा, अगदी रडकुंडीला आलेला.

"देवयानी, मी फ्लॅटमध्ये पोचतो तेव्हा तिथे आधीच कुणीतरी असतं गं. कधीकधी तर दोघं असतात."

सुलभाताईंनी सोऱ्या तिथेच पायरीवर ठेवला, पायातले जांडल, म्हणजे इथल्या सपाता, हातात घेतले आणि आवाज न करता उतार उतरल्या.

सोमवारी ही गोष्ट दोघींना माहीत होती, मंगळवारी सगळ्यांना. रमणराव महिन्यातून एकदा कामासाठी ऑकलंडला जातात आणि येताना पापाटोएटोच्या दुकानांतून शेवग्याच्या शेंगा नि कढीपत्ता आणतात, हे जगजाहीर होतं. म्हणजे फ्लॅट पापाटोएटोलाच. बुधवारपर्यंत देवयानी पस्तीस वर्षांची झाली, गुरुवारी तिचे केस कुरळे झाले, आणि शुक्रवारी फ्लॅटला बाल्कनीसुद्धा आली. 'तिथे आधीच दोघं असतात' याचा अर्थ काय लावायचा, यावर मात्र मंडळात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं भाडेकरू. दुसऱ्याचं म्हणणं छापण्याजोगं नाही.

आता रमणरावांकडे वळू.

वय सत्तावन्न. पोट थोडं पुढे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, स्वेटर बारा महिने. शहराच्या रस्त्यांवरचे सिग्नल कुठला किती सेकंद लाल नि किती हिरवा ठेवायचा, हे ठरवणाऱ्या ऑफिसात सोळा वर्षं नोकरी. माणूस सज्जन, पण एक खोड: चूक दिसली की सांगितल्याशिवाय राहवत नाही. डेअरीवाल्याच्या पाटीवरचं स्पेलिंग, देवळातल्या आरतीतला शब्द, दुसऱ्याच्या मुलाची बुटाची नाडी. एकदा तर पुढच्या गाडीवाल्याने डावा इंडिकेटर न देता वळण घेतलं म्हणून हे महाशय पुढच्या सिग्नलला खाली उतरून त्याला सांगायला गेले होते. तो सहा फुटी माणूस 'चिअर्स मेट' म्हणाला, म्हणून वाचले.

या खोडीचा सगळ्यात मोठा मार बसला तो त्यांच्या एकुलत्या एक मुलीला. ओवी सात वर्षांची असताना हे कुटुंब इकडे आलं. पोरगी हुशार निघाली. परीक्षा देऊन घरी आली की बाबा जेवणाच्या टेबलावर प्रश्नपत्रिका मांडायचे आणि कुठे काय चुकलं ते शोधायचे. बरोबर आलेलं शोधायची पद्धत त्या घरात नव्हती. पुढे ओवीने वडिलांचाच विषय घेतला, रस्ते आणि वाहतूक, आणि मोठ्या शिक्षणासाठी अमेरिकेत, ओहायोला गेली. रमणरावांनी मंडळात पेढे वाटले.

दोन वर्षांनी, ऑगस्ट २०१३ मध्ये, तिचा फोन आला. शिक्षण सोडलंय. तिथल्या एका छोट्या कॉलेजच्या फुटबॉल टीमकडे कामाला लागलेय. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. हेल्मेट नि खांद्यांना गाद्या बांधून एकमेकांवर आदळायचा अमेरिकन फुटबॉल. तिचं काम म्हणजे सामन्यांचं शूटिंग कापून, समोरची टीम कुठला डाव कधी टाकते ते कोचांना दाखवणं. न्यूझीलंडमध्ये सत्तर लोकांना विचारलं तर एकोणसत्तर रग्बीवर बोलतील आणि सत्तरावा कुत्रा फिरवायला निघून जाईल. अशा देशात बसून रमणरावांना हे कळावं कसं? ते बरंच बोलले. आणि शेवटी म्हणाले, "ठरवूनच टाकलंयस ना? मग आता कळवत बसू नकोस."

ओवी आज्ञाधारक होती. तिने कळवणं बंद केलं.

आईला ती पंधरा दिवसांनी एकदा फोन करायची. सात मिनिटं, मोजून. 'बाबांना देऊ का' असं आईने म्हटलं की फोन ठेवायची. चौदा महिने असे गेले. पहिले दोन महिने रमणराव रागात होते, पुढचे दोन ताठ्यात, आणि त्यानंतर या माणसाचं जे काय झालं ते बघवत नव्हतं. सिग्नलची वेळापत्रकं समोर घेऊन बसायचे आणि तासाभराने त्याच ओळीवर असायचे. ऑफिसात कुणाच्या टेबलावरचा फोन वाजला की यांचा हात स्वतःच्या खिशाकडे जायचा. शेवटी एक दिवस त्यांनी देवयानीला फोन लावला.

ही देवयानी म्हणजे ओवीची अमेरिकेतली पहिल्या वर्षाची रूममेट. मूळची नागपूरची, आता नोकरीनिमित्त टेक्सासात. रमणरावांनी तिला एवढंच विचारलं, की ओवी जेवते का वेळेवर. पुढचं वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही. देवयानी तोंडाने फटकळ पण मनाने मऊ. ती म्हणाली, काका, ती कुणालाच फारशी भेटत नाही, पण दर शनिवारी रात्री एका ठिकाणी नक्की असते. ते ठिकाण म्हणजे एक व्हिडिओ गेम. कॉलेजच्या फुटबॉलचा, आदल्या वर्षी आलेला. त्यात प्रत्येकाने एकेका कॉलेजची टीम घ्यायची, आपणच कोच व्हायचं आणि इंटरनेटवरून एकमेकांशी सामने खेळायचे. बारा जणांची लीग, त्यात देवयानीही एक, आणि लीग चालवणारी ओवी. सामना सुरू असताना दोघांच्या कानाला हेडसेट, तासभर गप्पा. एक जागा रिकामी झाली होती.

ओहायोतली शनिवारची रात्र म्हणजे जॉन्सनव्हिलमधली रविवारची दुपार. प्रमोदिनीवहिनी ड्यूटीवर. रमणरावांनी गराजमध्ये जुना टीव्ही लावला आणि 'कोच रे, ब्रिस्बेन' या नावाने लीगमध्ये शिरले. त्यांचं मागणं फार नव्हतं. एक तास मुलीचा आवाज ऐकायचा. बोलायचं नाही, ओळख द्यायची नाही, नुसतं ऐकायचं.

पण त्यात दोन पाचरी होत्या. एक, ओवीला खोटं नाव खपत नसे. त्याच वर्षी स्वतःच्या जागी भावाला खेळवणाऱ्या एकाला तिने जागच्या जागी काढलं होतं. दुसरी पाचर नियमाची. बाहेर लोक रांगेत होते, म्हणून पहिले चारही सामने जो हरेल त्याने जागा सोडायची. आणि वेळापत्रकात ओवीशी सामना होता पाचवा.

रमणराव पहिला सामना हरले, दुसरा हरले, आणि सुलभाताई सोऱ्या घेऊन आल्या त्या दुपारी तिसरा हरत होते, सहा विरुद्ध बावन्न.

का हरत होते? तर इथे माणसाचा स्वभाव बघा. या गेममध्ये आपल्याला हवी तशी प्लेबुक, म्हणजे डावांची वही, तयार करता येते. रमणरावांनी निवड केली ती सगळ्यात थोर दिसणाऱ्या पद्धतीची. पाच खेळाडू पाच दिशांना पळणार, आपण अडीच सेकंदांत त्यातला मोकळा कोण ते ओळखायचं आणि त्याच्याकडे चेंडू फेकायचा. वहीत डाव तीनशे अकरा. देवयानी फोनवरून मराठीत शिकवायची आणि वैतागायची. एकदा म्हणाली, काका, तुम्ही बुफेला आल्यासारखे करताय, ताट भरलंय आणि हातात चमचा नाही. खरं होतं ते. सत्तावन्न वर्षांचे अंगठे. डोळ्याने मोकळा माणूस दिसेपर्यंत त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, गवतात पाठीवर पडलेला असायचा. मग त्यांनी जवळच्या जवळ, मैदानाच्या कडेला फेकून पाहिलं. तिथे पोचावं तर आधीच कुणीतरी उभं. कधीकधी तर दोघं.

तिसरा सामना संपला आणि रमणराव गराजमध्ये खुर्चीवर तसेच बसून राहिले. आता एकच उरला होता. तो हरला की ओवीची लीग बंद, आवाज बंद, आणि पुन्हा आईच्या फोनची ती सात मिनिटं दाराआडून ऐकणं. सोमवारी ऑफिसात त्यांनी दोनदा एकाच चौकाचे आकडे दोन वेगळे लिहिले, आणि चूक त्यांची त्यांना दिसली नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईने दाखवली तेव्हा ते तिला थँक यू म्हणाले. ऑफिस हादरलं.

त्या आकड्यांतूनच पुढचं सुचलं. दोन वर्षांपूर्वी, मार्च २०१२ मध्ये, न्यूझीलंडने रस्त्यावरचा एक जुना नियम उलटा केला होता. तोवर डावीकडे वळणाऱ्याने थांबायचं आणि समोरून येऊन उजवीकडे वळणाऱ्याला जाऊ द्यायचं, असा तऱ्हेवाईक कायदा होता. तो बदलला. त्या दिवसांत रमणराव कितीतरी चौकांत फुटपाथवर पट्टी नि वही घेऊन उभे होते, लोक काय करतात ते टिपत. त्यांनी काय टिपलं होतं? चुकीच्या बाजूने ठामपणे जाणाऱ्यापासून फारसा धोका नाही. सगळा घोळ करतो तो मध्येच थबकलेला ड्रायव्हर. जाऊ का थांबू, जाऊ का थांबू. तो थबकला की चारी दिशांच्या गाड्या अडकतात.

सोमवारी संध्याकाळी त्यांनी देवयानीला विचारलं, की समोरच्या एका माणसाला मुद्दाम कुणी अडवलंच नाही तर? त्याला मोकळा सोडायचा, त्याच्या अंगावर जायचं, आणि तो काय ठरवतो ते बघायचं. तो आत धावला तर चेंडू बाहेरच्या गड्याला द्यायचा. तो बाहेर थांबला तर आपण आतून पळायचं. पाच माणसं बघायची नाहीत. एकच बघायचा. देवयानीने हे दोनदा ऐकून घेतलं. मग म्हणाली, काका, याला ऑप्शन म्हणतात, हे सत्तर वर्षं जुनं आहे, आणि तुमच्या अंगठ्यांसाठी याहून चांगलं काही देवाने केलेलं नाही.

तीनशे अकरा डाव पुसले. नऊ ठेवले. आठ जमिनीवरचे, सगळे एकाच ठेवणीतून, दिसायला सारखे. टीमही बदलून घेतली असती, पण लीगमध्ये उरलेलं एकच कॉलेज यांच्या वाट्याला आलं होतं, पोरं चपळ पण अंगाने काटक्या. त्यांना दांडग्यांशी धडका घ्यायला लावण्यापेक्षा दांडग्याला बुचकळ्यात टाकणं बरं. ऑफिसच्या कागदावर, जिथे चौक काढायची सवय तिथेच, ते बाण काढत बसले. आणि नववा डाव फेकायचा. समोरचे सगळे ऑप्शनला भुलून आत जमले, की कडेच्या गड्याने आधी कुणालातरी अडवायचं नाटक करायचं आणि हळूच मैदानाच्या कडेला सटकायचं. ती कडेची मोकळी पट्टी. तिथे तेव्हा कुणी नसेल.

हे सगळं त्यांनी एका कागदावर नीट, वळणदार अक्षरात लिहून काढलं आणि पँटच्या खिशात ठेवलं. पँट गुरुवारी धुवायला गेली.

त्याच गुरुवारी सुलभाताईंनी प्रमोदिनीवहिनींना फोन केला होता. आपलं माणूस म्हणून सांगते, अशी सुरुवात करून. वहिनींनी हसून उडवून लावलं. सव्वीस वर्षांचा संसार, नवऱ्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही, त्याला बाई कुठून सापडायची? मग त्यांनी मशीनमध्ये कपडे टाकण्याआधी खिसे तपासले. कागदावर एका रस्त्यासारखं काहीतरी काढलेलं, बाण डावीकडे, आणि खाली लिहिलेलं: 'फ्लॅट, डावीकडून. देवयानी म्हणते, आधी दुसरीकडेच निघालोय असं दाखवायचं. मग गुपचूप सटकायचं. तिथे जास्त रेंगाळायचं नाही.'

वहिनी दोन दिवस काही बोलल्या नाहीत. रमणरावांना भाकरी मिळाली, भाजी मिळाली, पण 'अहो' मिळालं नाही. शनिवारी सकाळी त्यांनी तो कागद चहाच्या कपाखाली ठेवला आणि समोर बसल्या.

"अहो, कुठला फ्लॅट?"

सांगावं तर काय? प्रमोदिनीवहिनी गुणांची खाण, पण पोटात गोष्ट राहायची नाही. ओवीचा फोन येणार होता त्याच संध्याकाळी. सात मिनिटांतल्या तिसऱ्या मिनिटाला 'अगं, तुझे बाबा काय करतायत ऐक' सुरू झालं असतं आणि चौथ्या मिनिटाला कोच रे लीगच्या बाहेर. न सांगावं तर हा कागद, हे अक्षर, आणि ही समोर बसलेली बायको, जिचे हात टेबलावर स्थिर होते आणि ओठ नव्हते. एका बाजूला मुलगी, एका बाजूला बायको. चौकात थबकलेला ड्रायव्हर म्हणजे काय, हे त्यांना त्या सकाळी स्वतःच्या अंगावर कळलं.

"पुढच्या रविवारनंतर सगळं सांगतो," ते म्हणाले. "एवढे आठ दिवस दे मला."

"आठ दिवस कशाला लागतात? सामान हलवायला?"

यावर त्यांनी मान खाली घातली. वहिनींनी उत्तर मिळालं असं समजून कप उचलला.

चौथ्या सामन्याच्या दिवशी पहिल्याच डावाला चुकीचं बटण दाबलं गेलं आणि चेंडू थेट शत्रूच्या पोटात. त्यानंतर मात्र नऊ डावांची वही चालू लागली. समोरचा कोच शिकागोतला कुणी दंतवैद्य होता. पहिल्या अर्ध्यात तो चक्रावला, दुसऱ्यात सावरला. चाळीस सेकंद उरले तेव्हा रमणराव चौदा, दंतवैद्य सतरा. आतली वाट बंद, बाहेरची बंद. व्हिडिओ कॉलवरून टीव्हीचा पडदा बघणारी देवयानी कुजबुजली, काका, आता सगळे आत आलेत. रमणरावांनी नववा डाव घेतला. कडेचा गडी अडवल्यासारखं करून सटकला. यांनी डोळे बारीक केले आणि फेकला. त्या पट्टीत खरोखर कुणी नव्हतं. गडी पळत सुटला, पळत सुटला, आणि गराजमध्ये रमणराव खुर्चीवरून उठून भिंतीला कपाळ टेकवून उभे राहिले. वीस विरुद्ध सतरा. अंगात आनंद म्हणून काही नव्हता. बुडणाऱ्याचा हात फळीला लागावा तसं, एवढंच.

पाचवा रविवार. एकोणीस ऑक्टोबर. प्रमोदिनीवहिनींनी ड्यूटी बदलून घेतली होती. स्वयंपाकघरात त्या बाहेर जायचे कपडे करून बसल्या होत्या, पायाशी एक बॅग. रमणरावांनी पाणी प्यायलं, बॅगेकडे पाहिलं, आणि गराजमध्ये गेले. या माणसाने त्या दाराचं हँडल कसं दाबलं असेल, देव जाणे.

आज देवयानीला फोन नाही. आज पहिल्यांदा हेडसेट कानाला. ऐकायचं, पण आपला आवाज जाता कामा नये. माइक बंद करायचं बटण त्यांनी दाबलं. खात्री वाटेना म्हणून पुन्हा एकदा दाबलं.

आणि ओवीचा आवाज आला, न्यूझीलंडच्या माओरी नमस्कारासकट. "किया ओरा, कोच रे. गुड लक."

चौदा महिने. सर्दी झाल्यासारखा वाटत होता आवाज. उत्तर तर द्यायला हवं, म्हणून त्यांनी टाइप केलं: स्वीट अ‍ॅज. म्हणजे 'झकास', पण खास न्यूझीलंडच्या बोलीतलं.

मग ती इंग्रजीत म्हणाली, ब्रिस्बेनमध्येपण असं म्हणतात का, गंमत आहे. यांनी घाईने पुढचा डाव लावला.

ती छान खेळत होती. यांचा ऑप्शन तिने दोन डावांत ओळखला. जो माणूस मोकळा सोडायचा त्यालाच ती थबकू देत नव्हती, सरळ क्वार्टरबॅकवर सोडत होती. रमणराव मागे पडत होते आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. ती मध्येमध्ये बोलायची. आज टीम हरली, ओहायोत थंडी पडलीय, रूममधला हीटर आवाज करतो. परक्या माणसाला सांगतात तसं, सहज. ते एकेक वाक्य खिशात टाकत होते. घड्याळ मात्र पळत होतं, आणि हा तास संपला की पुन्हा असा तास कधी, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. एकदा त्यांनी खोकून घसा साफ केला.

मग तिसऱ्या भागात त्यांना ते दिसलं. डावी कड. ओवीचे सगळे गडी आत सरकले होते, डावीकडची पट्टी अख्खी मोकळी. नववा डाव हातात होता. अंगठा बटणावर होता. आणि सत्तावन्न वर्षांची खोड तोंडातून बाहेर पडली.

"अगं ओवी, फ्लॅट मोकळा सोडलायस."

जगात असा कोच झाला नसेल. समोरच्याची चूक दिसली, तर फायदा घ्यायचा सोडून समोरच्याला सांगितली.

अर्थात त्यांना वाटत होतं माइक बंद आहे. पण ते बटण एकदा दाबलं की बंद व्हायचं, दुसऱ्यांदा दाबलं की सुरू. पडद्यावर सगळे गडी जागच्या जागी थिजले. ओवीने खेळ थांबवला होता. आता ती बाहेर पडेल, आता पडदा काळा होईल.

"खोकलात तेव्हाच ओळखलं मी," ओवी म्हणाली. मराठीत. "फ्लॅट मुद्दाम सोडला. बघायचं होतं, तुम्ही फेकता का शिकवता."

रमणरावांनी अंगठा बटणावरून काढला.

"फेकला नाहीत. शिकवलंत."

तिच्या आवाजात राग होता की दुसरं काही, त्यांना कळेना. तिने लीगचा नियम काढला असता तर बरोबरच होती. त्यांनी समर्थनं शोधली, तीन-चार तयारही होती, सवयीने. एकही घशाबाहेर आली नाही.

"कळवत बसू नकोस म्हणालो होतो मी," ते म्हणाले. "कळवत जा गं."

पलीकडून फक्त हीटरचा आवाज. मग पडद्यावरचे गडी पुन्हा हलले.

"खेळा," ओवी म्हणाली. "अजून बरंच बाकी आहे."

तिने डावी कड बंद केली आणि वडिलांना तेरा विरुद्ध एक्केचाळीसने झोडपून काढलं. एकदाही सोडलं नाही. शेवटची शिट्टी झाली तरी रमणराव हेडसेट काढेनात. ती अजून असेल म्हणून ते ऐकत राहिले.

"पुढच्या रविवारी तुमचा देवयानीशी आहे," ओवीचा आवाज आला. "ती पहिल्या डावाला नेहमी उजवीकडून येते. आणि नाव बदला ते. कोच रे काय." आणि मग, "आई कुठाय?"

"स्वयंपाकघरात. बॅग भरून बसलीय."

"का?"

रमणरावांनी पँटच्या खिशातल्या कागदापासून चहाच्या कपापर्यंत सगळं सांगितलं. ओवी हसता हसता खोकायला लागली, अगदी यांच्यासारखीच, आणि म्हणाली, जा आधी, तिला बोलवा इकडे.

पापाटोएटोत रमणराव खांबेट्यांचा फ्लॅट नव्हता, दुसरीकडेही नव्हता. अमेरिकन फुटबॉलमध्ये मैदानाच्या कडेच्या पट्टीला फ्लॅट म्हणतात.